आखाजीचा झोका आणि माझी सही

"मॅडम, यावर कोणी बसणार नाही. हे शिल्प आहे," निखिल मला सांगत होता आणि त्याच्या पाठीमागे गावातल्या आक्का त्याच शिल्पावर चढून बसल्या होत्या. वर पाय हलवत!

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ऑफिस जळगावात. उभी केलेली वस्तू पडणार नाही अशी लेखी हमी देणं हे माझं काम. त्याला स्टॅबिलिटी सर्टिफिकेट म्हणतात. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाच्या तळ्याकाठी निसर्ग उद्यान झालं होतं. पायवाट, पक्षी बघायला मचाण आणि मधोमध हे लोखंडी शिल्प, गावाशी बोलून घडवलेलं. शिल्पकार निखिल, पुण्याचा. उद्घाटन महिन्याभराने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्या खानदेशात तेव्हा लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला बोलावलं होतं ते फक्त सहीपुरतं.

शिल्प देखणं होतं, खोटं कशाला बोलू? लोखंडी कडुनिंब, त्याची एक आडवी फांदी, फांदीला झोका, झोक्यावर पत्र्याच्या दोन मुली. पण सगळं वेल्डिंग करून जागच्या जागी पक्कं. झोका तसूभरही हलत नव्हता.

"आक्का, उतरा खाली. पडाल," मी म्हटलं.

"कसाले? झोका शे ना हाऊ?"

"झोका नाही हो, झोक्याचं शिल्प आहे," निखिल म्हणाला.

"मंग आखाजीले बठ्ठ्या पोरी येथीन, त्यासले काय दखाडू? ह्या पत्रान्या पोरी?"

आखाजीला सगळ्या पोरी येतील, त्यांना काय दाखवू, असं त्या विचारत होत्या; निखिलला अहिराणी शब्द कळले नसतील, सूर बरोबर कळला.

आक्कांनी मग मला सगळं सांगितलं. तळ्याकाठी जुना कडुनिंब होता. गावाचे झोके त्यालाच बांधायचे. तो वादळात पडला. तेव्हापासून आक्कांची मुलगी आखाजीला सुरतेहून सकाळी येते, जेवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. थांबायचं तरी कशासाठी, म्हणते. निखिलने गावात मीटिंग घेऊन काय हवंय विचारलं, तेव्हा बायकांनी एकच गोष्ट मागितली होती. झोका.

तेवढ्यात उद्यान बांधून घेणाऱ्या वनखात्याचे साहेब आले. लोक यावर बसणारच आणि हे तो भार पेलणार नाही, ही अडचण मी सांगितली.

"बोर्ड लावू ना, 'बसू नये' म्हणून. भोवती साखळी टाकू," साहेब म्हणाले.

"साहेब, आखाजीच्या दिवशी लेकीबाळींना झोका दाखवायचा आणि बसू नका सांगायचं? तुमच्या घरात तरी कोणी ऐकेल का?"

"मग झोका कापून टाका. झाड राहू द्या. तुम्ही सही करा, विषय संपला."

आक्कांनी हे ऐकलं. पदर सावरत त्या खाली उतरल्या आणि गावाकडे चालू लागल्या. माझं डोकंच फिरलं.

"काही कापायचं नाही," मी म्हटलं. "हाच झोका चालता करायचा. आखाजीच्या आत. नाहीतर सहीला दुसरा माणूस बघा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, आकाश बघितलं आणि हो म्हणाले.

आता अडचण काय होती ते सांगते. स्थिर बसलेला माणूस फांदीवर त्याच्या वजनाएवढाच भार देतो. तोच जोरात झोका घेऊ लागला की खाली येताना भार दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. वर फांदीला एकाच बाजूने आधार. दोन धडधाकट बायका बसल्या असत्या तर फांदी वाकली असती, नाहीतर जोड तुटला असता. मी फांदीच्या मोकळ्या टोकाखाली दुसरा खांब सांगितला.

"माझं कॉम्पोझिशन बिघडेल," निखिलने तोंड वाकडं केलं.

"आणि कोणाचं कंबरडं मोडलं, तर तुझं कॉम्पोझिशन दवाखान्यात लावायचं का?"

पोरगा दिवसभर फुगून बसला. संध्याकाळी मात्र स्वतःच कागद घेऊन आला. दुसरा खांब त्याने वादळात कलंडलेल्या कडुनिंबासारखा काढला होता. पत्र्याच्या मुली झोक्यावरून उतरवून खोडाशी उभ्या केल्या होत्या, आपली पाळी येण्याची वाट बघत. आधीपेक्षा छान दिसत होतं. मी तसं तोंडावर सांगितलं, तर गडी लाजला.

खांबाच्या पायाचं काँक्रीट घातलं. काँक्रीटला ताकद यायला ते ओलं ठेवावं लागतं आणि इथे चैत्राचं ऊन, पाणी मारलं की लगेच वाळायचं. मग आक्काच बायका घेऊन आल्या. तळ्यातून हंडे भरून आणायचे आणि ओल्या गोणपाटावर ओतायचे, असं त्यांनी रोज दिवसभर पाळीपाळीने चालवलं. काँक्रीट तयार झाल्यावर जाड साखळ्या, वर बेअरिंग आणि बसायला सागाची फळी लावली. फळीवर वाळूची पोती बांधून आम्ही झोका तासन्‌तास हलवला. जोड हलला नाही, फांदी वाकली नाही. मग मी स्वतः बसले. खरं सांगते, उतरावंसं वाटत नव्हतं.

आखाजीला साहेबांचं भाषण लांबलं. लेकींनी फीत कापायची वाट बघितली नाही. गाणी सुरू झाली, भाषण तिथेच आटोपलं. आक्कांची मुलगी झोक्यावर उभी राहून असा काही झोका घेत होती की मी खालून फांदीचे जोडच बघत राहिले. संध्याकाळची सुरतेची गाडी तिच्याशिवाय गेली. ती चांगली आठवडाभर राहिली. आक्कांनीच मला फोन करून हे सांगितलं.

आता कोणी असं काम घेऊन आलं की ड्रॉइंग उघडण्याआधी मी एकच विचारते, लोकांनी काय मागितलं होतं? उत्तर लांबायला लागलं की मी सहीच्या पेनाचं टोपण काढत नाही.