मायसाठी घेतलेला मॉनिटर

मॉनिटर घ्यायचाय, एचडीआरवाला, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही ठळक दाखवणारा, घ्यावा का, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. जळगावात मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. शूटिंगवाले कार्ड आणून देतात, मी त्याचं लग्न करून देते. त्यामुळे मला यातलं कळतं असा लोकांचा समज आहे, आणि तो खराही आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, तेही फिजिक्स घेऊन. प्रकाश काय असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

आता मी विचारणाऱ्यालाच उलट विचारते, तुम्हाला त्यात बघायचंय काय? माणसं गोंधळतात. "मॅडम, चांगलं दिसलं पाहिजे, बस," म्हणतात.

मला माझ्या मायचा चेहरा बघायचा होता.

माय काळी होती. सावळी, गव्हाळ असलं काही नाही. लग्न होऊन धुळ्याकडच्या आमच्या गावात आली तेव्हापासून तिच्या रंगावर जे बोलणं सुरू झालं, ते शेवटपर्यंत थांबलं नाही. त्यात वाईट हेतू कमी आणि सवय जास्त. फुई, म्हणजे माझी आत्या, सगळ्यात पुढे. संध्याकाळी लाइट गेली की म्हणायची, "वहिनी, बोलत ऱ्हाय वं, नही ते तू कोठे शे ते समजाव नही!" सगळे हसायचे. मायही हसायची. पण कुणी फोटो काढायला मोबाइल वर केला की ती बाजूला व्हायची. "माले कशाला? नवरीले काढा. पोऱ्यास्ना काढा." आमच्या कुठल्याही कार्यक्रमाचे फोटो काढून बघा, त्यात माय म्हणजे कोपऱ्यातला एक कोपर, नाहीतर पदराचं टोक, नाहीतर पाठमोरा अंबाडा.

माझ्या धंद्यात तर हे रोजचंच. "मॅडम, नवरी जरा उजळ करा." हे वाक्य ऐकल्याशिवाय माझ्याकडचं एकही लग्न पुरं होत नाही. मी करते. स्क्रीनवरची एक पट्टी सरकवायची असते.

भावाचं लग्न भर मे महिन्यात झालं. आमच्यात, बौद्धांत, लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या शर्टात, जवळची माणसंही शक्यतो पांढऱ्यातच. मंडपाच्या बाहेर आमच्याकडचं ऊन. शूटिंगवाल्याची यात दरवेळी पंचाईत होते. पांढरी साडी नीट आली पाहिजे तर कॅमेरा कमी उजेड घेतो, मग माणसांचे चेहरे काळे पडतात. चेहरे नीट आले पाहिजेत तर साडी जळते, नुसता पांढरा डाग उरतो. आमच्या शूटिंगवाल्यानं साडी वाचवली. त्याची चूक नाही. नवरीचे पैसे मिळतात, नवरदेवाच्या आईचे नाही.

त्या चित्रीकरणात एक तुकडा आहे. वंदना संपलेली, लोक जेवायला उठतायत. माय मंडपाच्या कडेला, कनातीच्या सावलीत उभी आहे, पांढऱ्या साडीत. मागे उन्हानं पेटलेलं अंगण. कॅमेरा तिच्याकडे वळतो आणि ती नेहमीसारखी सरकायला लागते, तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून फुईचा आवाज येतो, "वहिनी, हास ना! हासशी ते दात तरी दिसतीन!" माय थांबते. वळते. सरळ कॅमेऱ्यात बघते आणि खळखळून हसते. "दिसू द्या!" म्हणते. आयुष्यात एकदाच ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, ती एवढीच.

आवाज स्वच्छ आलाय. चेहरा आलेला नाही. पदर, पदराची किनार, मागचं अंगण, सगळं आहे. मध्ये काळं.

तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पोळ्याच्या सुमाराला माय ताप येऊन गेली. दवाखान्यात नेलं, तिथून आणली ती तशीच. जलदानाच्या, म्हणजे मरणानंतरच्या, कार्यक्रमाला टेबलावर ठेवायला फोटो हवा होता. घरात एकही नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून आणला. तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, तुमच्या घरातही असतो. कसल्यातरी गुन्ह्यात धरून आणल्यासारखा चेहरा. आबा, माझे वडील, त्याच्यासमोर बसले नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसले.

माय जाऊन वर्ष होताना करायचं पुण्यानुमोदन जवळ आलं तसे आबा मला फोन करायला लागले. दुसरं काही बोलायचे नाहीत. "तो हासेल फोटो काढ बेटा. तू शिकेल शे. तुले काय अवघड शे?"

आबांना माझ्या शिक्षणाचा अभिमान होता, आणि मला त्यांच्या अभिमानाचा. मी हो म्हटलं.

लग्नातल्या त्या तुकड्यावर पट्ट्या सरकवल्या. अंधार उजळवला. चेहऱ्याच्या जागी हिरवट-करडे चौकोन वर आले, कुणी वाळू फेकल्यासारखे. भावानं ते चित्र मोबाइलमधल्या कुठल्याशा एआयला दिलं. एका मिनिटात सुंदर बाई हजर. गव्हाळ, गुळगुळीत, नाक सरळ. भावानं मोबाइल आबांपुढे धरला. आबांनी चष्मा वर-खाली केला.

"हाई कोण शे?"

"आबा, माय."

"तुन्ही व्हई," आबा म्हणाले, तुझी असेल, आणि उठून गेले.

मग मी एचडीआरबद्दल वाचायला लागले. इंग्रजीतून वाचलं, परीक्षणं, चाचण्या, भांडणं, सगळं. जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं की अंधारातले बारकावे जिवंत होतात. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की ते मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटायला लागलं. पडदा फाइलमध्ये असेल तेवढंच दाखवतो, हे मला माहीत होतं. खरंच माहीत होतं. पण माझा जुना मॉनिटर फिका होता, काळं म्हणजे त्याच्यात राखाडी. मी स्वतःला समजावलं, कदाचित फाइलमध्ये माय आहे आणि माझ्याच पडद्याला ती दिसत नाही.

दुकानदार ओळखीचा. एचडीआर म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं.

"ताई, स्टिकर तर आजकाल सगळ्यांवर असतं. स्वस्तातलं घेतलं तर काही उपयोग नाही, त्याचं एचडीआर चालू केलं की उलट पांढुरकं दिसतं. लोक घरी नेतात, चालू करतात, बंद करतात."

"मला स्टिकर नको. पाठीमागे वेगवेगळे दिवे असलेला दाखवा, जिथे हवं तिथेच उजळणारा."

"तुम्ही वाचून आलात म्हणजे," तो हसला. "बसा."

त्यानं डेमो लावला. काळ्या पाण्यावर दिवे, रात्रीचं शहर, एका म्हाताऱ्याच्या कोळशासारख्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती. तो चेहरा काळाच होता आणि पूर्ण दिसत होता. कुणी त्याला उजळ केलं नव्हतं.

"हा द्या."

"तुमची फाइल लावून बघा आधी. पेनड्राइव्ह आहे ना?"

पेनड्राइव्ह पर्समध्ये होता. मी नाही म्हटलं. माय त्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर दिसावी असं मला वाटलं नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मला वाटतं, मी घाबरले होते.

आबा धुळ्याहून एसटीनं आले. धुतलेला पांढरा सदरा, टोपी. येताना वांगी आणली होती, ती दारातच माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आधी जेवा. "नको. आधी ते." मी खिडकीला चादर लावली, त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. तुकडा मी नव्या पडद्याच्या हिशेबानं तयार करून ठेवला होता, पण शेवटचं बघितलं नव्हतं. आबांबरोबरच बघायचं ठरवलं होतं.

"तिनं तोंड दिसी का आते?"

"बघू," मी म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं.

लावलं. अंगण असं पेटलं की आबांनी डोळ्यांवर हात धरला. साडी दुधासारखी. साडीच्या कडेनं एक धुरकट वलय, आणि त्याच्या आत मायचा चेहरा, आधी होता त्याहून काळा. जुन्या पडद्यावर राखाडी तरी होतं, कपाळ कुठे संपतं याचा अंदाज यायचा. या पडद्याला खरं काळं दाखवता येत होतं, म्हणून त्यानं ते दाखवलं.

फुईचा आवाज आला, "वहिनी, हास ना! हासशी ते दात तरी दिसतीन!"

आणि माय हसली, आणि दात दिसले. फक्त दात. चमकणारं ते आणखी चमकवायचं, हे त्या पडद्याचं कामच. काळ्या जागेत मधोमध एक पांढरी ओळ, लखलखीत, आणि तिच्यातून मायचा आवाज, "दिसू द्या!"

जन्मभर तिला जे चिडवलं, ते मी विकत आणून आबांच्या डोळ्यांपुढे लावलं होतं.

आबा बराच वेळ बघत राहिले. तुकडा संपून पुन्हा सुरू झाला, माझा हात माउसवर होता, पण बोट चालेना. पुन्हा फुई, पुन्हा दात.

"बंद कर," आबा म्हणाले.

मी बंद केलं.

"आवाज बी."

"आवाजही बंद झाला, आबा."

ते पंख्याकडे बघत होते. मी चादर काढली. ते म्हणाले, "मीबी म्हने तिले तसं. बठ्ठास्नामा म्हने." सगळ्यांदेखत. मग म्हणाले, "तिले वाईट वाटत नही व्हतं ना?"

मी शिकलेली. उठून वांगी केली. ते थोडं जेवले आणि चारच्या गाडीनं परत गेले, मुक्कामाला राहिले नाहीत. त्यानंतर फोटोचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

पुण्यानुमोदनाला टेबलावर आधार कार्डच होतं. वंदना झाली, फुईनं मेणबत्ती लावली, फोटोकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "यामा ती ती नही शे." आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मॉनिटर माझ्याकडे आहे. चांगला आहे. कुणी विचारलं तर मी सांगते, काम रंगाचं असेल, खोलीत ऊन येत असेल, तर घ्या, पण स्टिकरवर जाऊ नका, आणि जुनं काही त्यात नव्यानं दिसेल म्हणून घेऊ नका. एचडीआर मी बंदच ठेवते. लग्नाचे व्हिडिओ लोक मोबाइलवर बघतात.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली होती, स्वतःच्याच लग्नाचा व्हिडिओ बघायला. सगळं आवडलं तिला. जाताना दारात थांबली.

"मॅडम, एक सांगू? माझी मम्मी फार काळी दिसतेय. थोडी उजळ कराल?"

मी तो भाग पुन्हा लावला. तिची आई स्टेजच्या कोपऱ्यात उभी होती, हातात अक्षतांची ताटली, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला. कपाळ, नाक, ओठांजवळची घडी, सगळं नीट टिपलेलं होतं.

"करते," मी म्हटलं.

मुलगी गेली. मी पट्टी सरकवली. तिची आई लगेच उजळ झाली. फाइलमध्ये चेहरा होता.