डावीकडचा भांग

रमोना त्सेंडर हिने त्रेचाळिसाव्या वर्षी उमेदवारी धरली आणि तीही अंत्यविधीच्या व्यवसायात, ही बातमी गावाने प्रथम थट्टेवारी नेली. "कालपर्यंत पाव विकत होती, आता शवपेट्या विकणार. गिऱ्हाईक मात्र तेच!" असे चर्चसमोरच्या बाकावरची मंडळी म्हणत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. माइन नदीकाठच्या त्या गावात बेकरी एकच होती. वृद्ध मालकाला वारस मिळेना, तेव्हा भट्टी कायमची विझली आणि एकोणीस वर्षे काउंटरमागे उभी राहिलेली रमोना रिकामी झाली. शेजारच्या शहरातील मोठ्या बाजारात गोठवलेले तयार पाव यंत्रात सरकवण्याचे काम तिला मिळाले. ते तिने जेमतेम एक महिना केले. "तिथे पिठाला हात लागत नाही आणि माणसाशी बोलणं होत नाही," असे म्हणून तिने ते सोडले आणि लोरेंझ उल्झामर यांच्या दारावरची 'उमेदवार पाहिजे' ही पाटी वाचून ती आत गेली.

उल्झामर हे मूळचे सुतार. त्यांच्या पणजोबांनी शवपेट्या करता करता पुढची सारी व्यवस्थाही अंगावर घेतली, आणि तेव्हापासून गावातील प्रत्येक मृताला अखेरचे कपडे ह्याच घराने चढवले होते. त्यांनी रमोनाला नियम समजावून सांगितले. काही आठवडे दुकानात काम आणि काही आठवडे शाळेत शिक्षण, असे आलटून पालटून तीन वर्षे. त्यांतले पहिले महिने पारखण्याचे. नोव्हेंबर संपेपर्यंत दोघांपैकी कोणीही, कारण न देता, "जमत नाही" असे म्हणू शकेल.

"आणि तुम्ही तसं म्हणालात तर?" रमोनाने विचारले.

"तर तुमचं ते पाव भाजायचं यंत्र आहेच," उल्झामर शांतपणे म्हणाले.

शाळेत ती पहिल्या दिवसापासून रुळली. त्या शाळेच्या मागे एक सरावाची दफनभूमी आहे. तिथे विद्यार्थी मापाने खड्डा खणतात, त्याच्या कडा फळ्यांनी धरतात, वाळूच्या गोण्या भरलेली पेटी दोरांवर खाली सोडतात आणि संध्याकाळी सारे पूर्ववत बुजवतात. वर्गातील मुले तिच्या निम्म्या वयाची. ती तिला 'मावशी' म्हणत आणि खणायची वेळ आली की तिच्याच गटात यायला धडपडत, कारण पिठाची पोती उचलून तिचे खांदे चांगले तयार झाले होते.

खोड होती ती जिभेची. सप्टेंबरात एक कुटुंब वडिलांच्या अंत्यविधीचे ठरवण्यासाठी आले होते. पेटी ठरली, फुले ठरली आणि मग सगळे गप्प झाले. ती शांतता रमोनाला सोसवेना. तिच्या तोंडून, काउंटरवरच्या त्याच खणखणीत आवाजात, बेकरीतला रोजचा प्रश्न निघून गेला, "आणखी काही?"

मृताची धाकटी मुलगी हसली, लगेच रडू लागली आणि बराच वेळ थांबेना.

लोक गेल्यावर उल्झामर म्हणाले, "रमोनाबाई, आपल्याकडे कुणी आणखी काही न्यायला येत नाही. शांतता पडली की पडू द्यायची."

"मग मी काय करू, उस्ताद?"

"बसायचं."

"नुसतं?"

"तेच अवघड असतं. नोव्हेंबरअखेर बघू." एवढे बोलून ते रंधा मारायला निघून गेले.

ते 'बघू' रमोनाच्या मनात तेव्हापासून ठाण मांडून बसले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किलियान हेरोल्ड वारले. त्यांचे द्राक्षमळे नदीच्या उतारावर होते आणि दर शनिवारी खसखस लावलेले पाव घ्यायला ते स्वतः येत. म्हणून उल्झामर यांनी प्रथमच रमोनाला एकटीने काम दिले. मृताची आंघोळ व कपडे दोघांनी मिळून उरकले. केस तेवढे तिने विंचरायचे. हेरोल्डकाकूंनी छायाचित्र पाठवले होते. "आणि लक्षात आहे ना? खांद्याशी उभं राहायचं, डोक्याशी नाही," असे बजावून उल्झामर कागदपत्रांसाठी नगर कार्यालयात गेले.

छायाचित्राची रमोनाला गरज वाटली नाही. शनिवारमागून शनिवार हा चेहरा तिने काउंटरपलीकडून पाहिला होता. समोरून पाहताना त्यांचा भांग तिच्या उजव्या हाताला येई. दिवा डोक्याकडे होता, म्हणून ती डोक्याशी उभी राहिली, आपल्या उजव्या हाताला सरळ रेघेसारखा भांग पाडला आणि समाधानाने मागे सरली.

हेरोल्डकाकू ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. उल्झामरही त्याच सुमारास परतले आणि छायाचित्राशी ताडून पाहण्याची सवड न मिळताच त्यांना दार उघडावे लागले. काकू पेटीपाशी गेल्या आणि थबकल्या.

"हा कोण?"

उल्झामर यांनी छायाचित्राकडे नजर टाकली.

"हा माझा किलियान नव्हे. हा त्याचा भाऊ! तोच मेला उजवीकडे भांग काढायचा. बांधाच्या भांडणापायी जन्मभर ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याचं तोंड लावून याला देवाकडे धाडता काय?"

उल्झामर हळूच पुढे झाले. "हेरोल्डबाई, मृत्यूनंतर चेहरा थोडा निराळा दिसतोच. शिवाय ह्या दिव्याचा उजेड..."

"उजेडाचं काही नाही, उस्ताद," रमोना म्हणाली. महिनाअखेर परवावर आली आहे हे ती विसरली नव्हती. "मी चुकले, काकू. सांगितलं होतं तरी डोक्याशी उभी राहिले. उलटं झालं."

त्यानंतर जी शांतता पडली, ती सप्टेंबरातल्याहून कितीतरी मोठी होती. क्षमा मागावी, समजूत घालावी, खसखशीच्या पावाची आठवण काढावी, असे सगळे रमोनाच्या जिभेच्या टोकावर आले. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती नुसती उभी राहिली. थोड्या वेळाने तिने कंगवा पाण्यात बुडवला, निथळला आणि काकूंच्या पुढे धरला.

काकूंनी तो घेतला. त्या खांद्याशी उभ्या राहिल्या. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते.

"कधी धड विंचरायचास नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशीसुद्धा मीच केलं. मान वळवू नकोस म्हटलं की मुद्दाम वळवायचास. आज बरा गप्प पडलायस!" हे बोलणे पुष्कळ वेळ चालले. त्यातले बरेचसे त्या दोघांपुरतेच होते, म्हणून उल्झामर आणि रमोना खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

भांग डावीकडे आला. काकूंनी कंगवा रुमालाने पुसला आणि सवयीने नवऱ्याच्या कोटाच्या वरच्या खिशात खोचला. मग त्या रमोनाकडे वळल्या.

"काय गं, आज विचारत नाहीस?"

"काय, काकू?"

"'आणखी काही?' म्हणून."

रमोनाने उस्तादांकडे पाहिले. उल्झामर छताकडे पाहत होते.

"आणखी काही?" तिने हळू आवाजात विचारले.

"नको. एवढंच," काकू म्हणाल्या आणि पेटीजवळच्या खुर्चीवर बसल्या.

संध्याकाळी खोली आवरताना उल्झामर यांनी झाकणाचे खिळे दोनदा तपासले. अखेरीस म्हणाले, "खांद्याशी."

"हो, उस्ताद."

"सोमवारपासून शाळा आहे. रबरी बूट न्या. जमीन ओली असेल."

रमोना क्षणभर घुटमळली. "पण सोमवारी तर डिसेंबर लागतो."

"कॅलेंडर मलाही वाचता येतं," उल्झामर म्हणाले. त्यांनी दिवा मालवला आणि दारातून मागे वळून पुस्ती जोडली, "आणि येताना एक कंगवा आणा. आपला गेला."