राक्षसाच्या आतला माणूस

पडद्यावर राक्षस आला की तो खुर्चीवरून उठायचा, टीव्हीपाशी जायचा आणि काचेवर बोट टेकवायचा. राक्षसाच्या मानेवर, बरोबर घडी पडते तिथे. "हे बघा साहेब, हितनं बघतो तो. वरचे डोळे खोटे. आत मानूस हाय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसलो. तुम्हीही हसला असता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचा चाळिशीचा वेल्डर शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या कुवेतमधल्या, मंगफ भागातल्या फ्लॅटवर यायचा. हातात भाड्याची व्हिडिओ कॅसेट. तीही जुन्या जपानी पिक्चरची. समुद्रातून एक अवाढव्य जनावर वर येतं आणि आख्खं शहर तुडवत जातं, तसले पिक्चर. बोलणं जपानी, खाली अक्षरं अरबी. दोन्हींतलं त्याला ओ की ठो कळत नसे, आणि त्याचं काही अडतही नसे.

त्याच्या खोलीत सहा जण आणि टीव्ही एक. बाकीच्या पाचांना हिंदी पिक्चर हवा असायचा. "पोरांचे पिक्चर बघतो," म्हणून ते त्याची टर उडवत. तो शांतपणे म्हणे, "पोरांना राक्षस दिसतो. मला कामगार दिसतो." आणि कॅसेट घेऊन माझ्याकडे येई. माझी बायको आधी वैतागली, मग तिनं शुक्रवारी पोहे जरा जास्त भिजवायला सुरुवात केली.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही दोघं एकाच कंत्राटदार कंपनीत होतो. तेलाच्या कारखान्यांना लागणाऱ्या जाड पोलादी टाक्या आमच्या यार्डात बनत. तो त्या वेल्ड करायचा, मी त्याचे जोड तपासायचो. त्याचा जोड तपासणं म्हणजे उपचारच होता. एक्स-रेमध्ये कधी काही सापडायचंच नाही.

या टाक्यांचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. पोलाद जाड असलं की वेल्डिंगच्या आधी ते तापवावं लागतं. मग अशा तापलेल्या टाकीत वेल्डर मॅनहोलमधून, म्हणजे माणूस जेमतेम मावेल अशा गोल भोकातून, सरपटत आत शिरतो. अंगात चामड्याचं जाकीट, हातात कोपरापर्यंत मोजे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांसमोर काळी काच. बाहेर कुवेतचा जुलै. टाकीजवळून जाणाऱ्याला दिसतो तो फक्त निळा उजेड आणि धूर. आत कोण आहे ते दिसत नाही.

हे मी रोज पाहत होतो. तरीही तो टीव्हीच्या काचेवर बोट का टेकवतो, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. मला, पुण्याच्या इंजिनियरला.

एके दिवशी त्यानं कॅसेटच्या दुकानातून एक जाहिरातीचा कागद आणला. शहरातल्या एका सभागृहात जुन्या जपानी चित्रपटांचा आठवडा होणार होता, आणि त्यासाठी त्या राक्षसपटांतले दोन वयस्क कलाकार येणार होते. एक बाई, जी अशा कित्येक पिक्चरमध्ये राक्षसापासून पळाली होती. आणि एक गृहस्थ, ज्यांचा चेहरा पडद्यावर कधीच दिसला नव्हता. राक्षस तेच होते.

"तो येतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मला त्याला एक विचारायचंय."



त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको पुढे आणि तो मागे, असे दारापाशी पोचलो. दारावरच्या माणसानं आम्हाला आत सोडलं आणि त्याच्यापुढे हात आडवा धरला. "फॅमिली ओन्ली. बॅचलर नो."

आखातात राहिलेल्यांना हे नवं नाही. बायको-मुलं गावी ठेवून आलेला माणूस तिथल्या भाषेत बॅचलर. बाग, सभागृह, कित्येक इमारतींची दारं त्याला बंद. बहुतेक जण मान खाली घालून परत जातात. त्यानं पाकिटातून बायकोचा आणि दोन मुलींचा फोटो काढून त्या माणसाच्या नाकासमोर धरला.

"मैं बॅचलर? शादी को सोलह साल हुआ! ये मेरा फॅमिली. इधर लाने को पगार पूरता नहीं, तो मैं बॅचलर हो गया क्या?"

मागे रांग खोळंबली. लोक बघायला लागले. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची नाही, माझीच लाज राखायची पडली होती. मी हळूच म्हणालो, "जाऊ द्या हो. मी तुमच्यासाठी सही आणतो."

"सही कुणाला पायजे?" तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

तेव्हा माझी बायको परत दाराबाहेर आली. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि दारावरच्या माणसाला ठणकावलं, "ये मेरा देवर है. फॅमिली है. चला भावोजी." दारावरच्या माणसानं एकदा आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हात बाजूला घेतला.

आत एका लांब टेबलामागे ते दोघं बसले होते. बाईंसमोर गर्दी होती. नाजूक, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. टेबलाच्या टोकाला ते गृहस्थ बसले होते. बुटके, रुंद खांद्यांचे, सत्तरीचे. त्यांच्यासमोर कुणी नव्हतं. चेहरा ओळखीचाच नाही, तर थांबणार कोण?

हा थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. शेजारी एक जपानी मुलगी इंग्रजी सांगायला बसली होती. त्याचं मराठी मी इंग्रजी करायचं, तिनं ते जपानी करायचं, अशी आमची साखळी जमली.

"त्यांना विचारा," तो म्हणाला, "आत किती वेळ ठेवायचे तुम्हाला?"

प्रश्न पोचला तसे ते गृहस्थ खुर्चीत सरळ झाले. त्यांनी उलट विचारलं, "तू काय काम करतोस?"

यानं बाह्या वर केल्या. ठिणग्यांनी पडलेले जुने-नवे डाग मनगटापासून कोपरापर्यंत होते. म्हातारबुवांनी टेबलावरून हात लांब करून ते हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग बोलायला लागले. ती मुलगी मधूनमधून थांबून सांगत होती. आधी सांगतील तितका वेळ ते आत राहायचे. दिव्यांखाली रबर तापायचं. बूट उलटा केला की घामाचं पाणी सांडायचं. नाही म्हणायची लाज वाटायची. एक दिवस ते आतल्या आत बेशुद्ध पडले, आणि सगळ्यांना वाटलं, राक्षस छान मेला. टाळ्या वाजल्या.

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. मी हात वर केला की पोशाखाची पाठ उघडायची. चर्चा नाही. आत मी आहे. किती वेळ राहायचं, ते मी ठरवणार."

बाई पलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पडद्यावर मी याला बघून किंचाळायची. शॉट संपला की पाण्याचा पहिला पेला मीच घेऊन पळायची."

मग त्यानं सांगितलं की गावी शिमग्याच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या सोंगांच्या खेळात, राक्षसाचं सोंग तोच घेतो. तोंड झाकलेलं, कमरेला घुंगरं. म्हातारबुवा उठलेच. "चालून दाखव." तो चालला. त्यांनी मान हलवली आणि स्वतः चालून दाखवलं: पाय उचलायचा नाही, टाच ओढायची, वजन कमरेतून. दोघं त्या सभागृहाच्या कडेनं, एक इस्त्रीच्या शर्टात आणि एक सुटात, धप धप करत एक पूर्ण फेरी मारून आले. बाईंसमोरची गर्दी वळून बघायला लागली. बाई हात तोंडाशी नेऊन किंचाळल्या, अगदी पिक्चरमधल्यासारख्या, आणि हसत सुटल्या.



त्याच वर्षी जुलैत एक घाईची टाकी आली. तो सकाळी आत शिरला. पन्नासेक मिनिटांनी आतून पोलादावर हातोडीचे तीन ठोके पडले आणि तो मॅनहोलमधून बाहेर आला. जाकीट काढलं, सावलीत बसला. आमचे सुपरिंटेंडंट, आपल्याकडचेच, साताऱ्याकडचे, तिथेच होते.

"काय रे, काय झालं?"

"काय नाय. मी बाहेर आलो."

"जोड अर्धा राहिलाय. आत जा."

"जाईन की. अंग निवलं की जाईन. ह्याच्यापुढे वीस मिन्टं आत, मग बाहेर. मी तीन ठोके मारले की मी येनार. चर्चा न्हाय."

"तू काय पिक्चरमधला हीरो लागून गेलास?"

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "पिक्चरमधल्याला निदान पानी तरी आनून देत होते."

सुपरिंटेंडंट माझ्याकडे वळले. "रिपोर्ट लिही. कामाला नकार." मी वही काढली. आजही सांगायला बरं वाटत नाही, पण मी लिहायला लागलो. माझाही करार होता, बायको होती, फ्लॅट होता.

तो उठून माझ्याजवळ आला. चेहरा लाल झालेला, ओठ पांढरे. "लिवा साहेब," तो म्हणाला. "नकार लिवा. पन किती वेळ आत होतो तेबी लिवा. आनि टाकी किती तापवलीवती तेबी. तुमच्याकडं आकडा हाय."

आकडा माझ्याकडे होता. पोलादाचं तापमान मीच मोजत असे. त्याच्या आतल्या माणसाचं कधी कुणी मोजलं नव्हतं. मी दोन्ही लिहिलं. वेळ आणि तापमान, शाईनं, स्वच्छ. सुपरिंटेंडंटनी वाचलं आणि म्हणाले, "हे कशाला?" मी म्हणालो, "खरं आहे म्हणून." माझ्या नोकरीतलं माझं सगळ्यात मोठं भाषण तेवढंच.

तो कागद टाकी विकत घेणाऱ्यांच्या इन्स्पेक्टरपर्यंत गेला. त्यानं पन्नास मिनिटांवर लाल खूण केली आणि पुढचं काम थांबवलं. आठवड्यात हुकूम आला: आत वीस मिनिटं, मग माणूस बदलायचा, मॅनहोलशी पाणी आणि बाहेर हवेचा पंखा.

वर्षअखेरीला त्याचा करार वाढवला नाही. कारण कुणी दिलं नाही, त्यानं विचारलंही नाही. मी आणि बायको विमानतळावर गेलो. बायको रडली. तो तिला म्हणाला, "वहिनी, रडताय कशाला? मी काय चोरी करून चाललोय?" आणि बॅग खांद्यावर टाकून, ताठ मानेनं आत गेला. पुढे तो ओमानला गेल्याचं कळलं. मग तेही कळेनासं झालं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका उन्हाळ्यात बिहारचा एक नवा वेल्डर वीस मिनिटांनी टाकीतून बाहेर आला, पंख्यासमोर बसला, बाटली तोंडाला लावली आणि मला म्हणाला, "कंपनी बहुत अच्छी है साब. आदमी का खयाल रखती है."

"कंपनीने नहीं किया," मी म्हणालो.

"तो किसने?"

मी त्याला पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. आणि त्याला ते नीट म्हणता येईपर्यंत माझ्यासमोर तीनदा म्हणायला लावलं.