ताटातला कागद

भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं आणि त्याने माझ्या ताटात कागद टाकला.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या त्याच्या घरात, पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये. आधी साडी ठेवली. चांगली, काठापदराची. साडीवर प्लास्टिकचा फोल्डर, फोल्डरवर पेन. निरांजन अजून जळत होतं म्हणून वहिनीने फोल्डर पटकन बाजूला सरकवला. मला वाटलं गिफ्ट व्हाउचर असेल. उघडलं तर हक्कसोडपत्र. गावाकडची वडिलोपार्जित जमीन आणि त्यातलं घर, यावरचा माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाला सोडून देत आहे, वगैरे वगैरे.

दादा पाहुण्यांकडे बघून म्हणाला, "आमच्याकडे बहिणी मागत नाहीत. देतात."

लोक हसले. एकीने टाळ्यासुद्धा वाजवल्या. सगळी पुण्यामुंबईची, शिकलेली, सॉफ्टवेअरमधली माणसं. कुणीतरी म्हणालं, हाऊ स्वीट. आणि मी ताट धरून उभी. चाळिशी उलटलेली बाई, बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात अख्खा वॉर्ड सांभाळणारी स्टाफ नर्स. मग मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आमच्या भागात ही रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी सही करायची, साडीचोळी घ्यायची, जेवायचं आणि आपल्या घरी जायचं. सही करते ती गुणाची. नाही करत तिच्याशी बोलणं बंद. दादा वीस वर्षं या देशात राहतोय. इथली सगळी फॅशन उचलली, पण ही रीत मात्र विमानात घालून सोबत आणली.

वडील गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तेरावा झाल्यावर तलाठी वारसनोंदीसाठी घरी आले. चुलते म्हणाले, पोरीचं नाव कशाला लावताय, उद्या जाईल सासरी. तलाठी म्हणाले, कायद्याने लावावं लागतं. मी चहाचे कप घेऊन उभी होते. चुलत्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कप ठेव अन् आत जा. तुझं हितं काही नाही."

मी कप ठेवले. आत गेले. त्याच शेतातला कांदा खुरपून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, कप धरतानाही चरचरत होतं. दादा तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगला. त्याच्या हाताला माती लागू नये म्हणून आई आणि मी मातीत. सुट्टीत यायचा आणि म्हणायचा, इथे ऊन फार आहे. हो रे बाबा, ऊन फार होतं.

पण तलाठ्याने लावलेलं नाव सातबाऱ्यावर राहिलं. माझं लग्न झालं, मोडलं, सुटलेली शाळा पुरी करून मी नर्सिंग शिकले, इथे आले, तरी राहिलं. मी कधी त्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते नाव आहे म्हणून दादाला माझी सही लागत होती.

वडिलांच्या माघारी आईने शेतातच दोन खोल्या बांधल्या. पावसाने वाट चिखलात गेली, ट्रॅक्टर येईना. विटा आम्ही दोघींनी डोक्यावरून वाहिल्या. आई अजून तिथेच राहते, एकटी. सोबतीला कोंबड्या. दादाला आता शेत विकायचंय, घरासकट. मग आईचं काय, असं मी भाऊबीजेच्या जेवणानंतर विचारलं. तर म्हणाला, "पुण्यात अशा लोकांसाठी चांगल्या सोयी असतात." अशा लोकांसाठी. स्वतःच्या आईबद्दल बोलत होता. उन्हाळ्यात गावी गेला तेव्हाच त्याने तशाच कागदावर तिचा अंगठा घेऊन ठेवला होता.

दुसऱ्या आठवड्यात मी वॉर्डच्या स्टाफ रूममधून आईला फोन लावला. तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, दिऊन टाक बाई सही, भावाशी वाकडं घिऊ नको, आपलं काय हाय त्यात. 

मग म्हणाली, "कोंबड्या कुणाला दिऊ गं?"

ब्रेक संपला म्हणाले आणि फोन ठेवला. खोटं बोलले. ब्रेक संपला नव्हता.

समोर नूर बसली होती. आमच्या वॉर्डातली हेल्थकेअर असिस्टंट. इंडोनेशियातल्या आचे नावाच्या मुलखातली, भातशेतीच्या छोट्याशा गावातली. तिला मराठी कळत नाही, पण माझा चेहरा कळला. विचारलं, तेव्हा मी सगळं ओकले. ती शांतपणे डबा खात ऐकत होती. मग म्हणाली, तुमच्या घरात भांडण झालं की बाहेर कोण जातं?

मला प्रश्नच कळला नाही. तिने समजावून सांगितलं. त्यांच्या गावात मुलीचं लग्न झालं की आईबाप तिला घर देतात. नवरा तिच्या घरी राहायला येतो. बायकोला जो शब्द आहे त्याचा अर्थच घराची मालकीण. आईबापाचं कडाक्याचं भांडण झालं की तिचा बाप उशी काखेत मारून गावातल्या प्रार्थनाघरात झोपायला जायचा. दोन दिवसांनी परत यायचा, खाली मान घालून. सांगताना नूर खूप हसली. मग म्हणाली, फार हुरळून जाऊ नकोस, भाताच्या शेतात भावांचा वाटा आमच्या दुप्पट असतो. पण घर आमचं. घरातून कुणी काढत नाही.

मी हसले नाही. आमच्याकडे भांडण झालं की बाहेर आई जायची. वडील तिला दंड धरून बाहेर काढायचे आणि कडी लावायचे. मी तिच्यामागे जायचे. आम्ही दोघी बाहेर ओट्यावर बसून राहायचो, दार उघडायची वाट बघत. आणि दादा? तो आत असायचा. अभ्यास करत. इतकी वर्षं मला हे कधी खटकलंच नाही. आई बाहेर, दादा आत. तेच आता कागदावर आलं होतं, इंग्रजी आणि मराठीत टाइप करून.

पण लगेच काही केलं नाही मी. खोटं कशाला सांगू? दमले होते. सलग शिफ्ट, गुडघे दुखतात, घरी आले की सोफ्यावर पडायचे. वाटायचं, मरो ते, एक सही तर आहे. दादाने नोटरीची अपॉइंटमेंटसुद्धा परस्पर घेतली. मी बसने गेले. फोल्डर पिशवीत.

नोटरी म्हातारा गोरा माणूस, नाकावर चष्मा. पासपोर्ट बघितला, पानं मोजली. मग मान खाली घालूनच सवयीने विचारलं, "हे तुम्ही स्वतःच्या मर्जीने करताय ना?"

तो सगळ्यांना विचारत असेल. त्याला विचारावंच लागतं. पण मला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. शाळा सोडवून खुरपं हातात दिलं तेव्हा नाही विचारला. लग्न ठरवलं तेव्हा नाही. आईचा अंगठा शाईत बुडवला तेव्हा तिलाही नसेल विचारला.

मी म्हणाले, "नो."

त्याने मान वर केली. विचार करायला वेळ हवा का, असं विचारलं. मी म्हटलं, नको. हातातलं पेन नोटरीचंच होतं, ते टेबलावर ठेवलं आणि फोल्डर उचलला. अंगात काही वीज वगैरे संचारली नाही. नुसता थकवा होता, आणि त्या थकव्यातूनच ते निघालं.

बसस्टॉपवरून दादाला फोन केला. सही करणार नाही म्हणाले. तो आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, "तुझं माहेर संपलं म्हणून समज."

मी म्हटलं, "बरं."

आईला सांगितलं तर ती रडली. तू घर मोडलंस म्हणाली. चार दिवस माझा फोन उचलला नाही. म्हणू दे. मी कुठे म्हणतेय की ती खूश होईल? खूश व्हायला तिला कुणी शिकवलंच नाही. पण या वेळी घराबाहेर ती जाणार नाही. जानेवारीत माझी सुट्टी मंजूर झाली आहे. तहसीलमध्ये वाटणीचा अर्ज टाकणार, त्या दोन खोल्या असलेला तुकडा माझ्या हिश्श्यात मागणार. नाही दिला तर कोर्टात जाणार. वर्षं लागतील, माहीत आहे. लागू देत.

पाचव्या दिवशी आईने फोन उचलला. मी एवढंच सांगितलं, कोंबड्या कुणाला द्यायच्या नाहीत.

साडी मी दादाला पोस्टाने परत पाठवली. फोल्डर ठेवून घेतला. वाटणीच्या अर्जाला जमिनीचा गट नंबर लागतो. तो त्यात आहे.