शेंगीसाठी हळू बोलणारं घर

आमच्या मामासासऱ्यांइतका मोठ्यानं कुजबुजणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. उंद्रीला राहतात, वांगी-मिरची पिकवतात. त्यांना ऐकू कमी येतं, आणि त्यामुळे त्यांची अशी ठाम समजूत आहे की जगालाच कमी ऐकू येतं. ते शेतातून मामींना 'चहा ठेव' म्हणतात, तेव्हा वाटेतल्या दोन-तीन घरांतही आधण चढतं. मयताला गेले की लोक त्यांना जरा लांबच बसवतात, कारण एकदा त्यांनी शेजारच्याच्या कानात, अगदी खासगीत, "म्हतारा लय कंजूस होता" असं सांगितलं आणि तिरडी बांधणाऱ्यांनीही तिकडून माना डोलावल्या. आम्ही हौसेनं कानाचं मशीन आणून दिलं. मामांनी ते एका दुपारपुरतं लावलं. मामींची भांडी, शेजारची पिठाची गिरणी, कोंबड्या, नातेवाइकांचे फोन, सगळं एकदम कानात शिरलं. संध्याकाळी मशीन डबीत परत. "जावईबापू," मला म्हणाले, "गावात एवढी कटकट असते हे मले मालूमच नवतं. मी बरा हाय."

अशा माणसाच्या पायाशी शेंगी आली, ती धाड गावच्या बाजारात. मामा वांगी घेऊन बसले होते, मी सुट्टी म्हणून सोबत गेलो होतो. तेवढ्यात रस्त्यानं एक वरात आली. डीजे असा वाजत होता की तराजूची पारडी थरथरत होती. बायकांनी कानावर हात ठेवले, बकऱ्या दावणीला हिसके देऊ लागल्या. त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस न दचकता वांग्यांवर पाणी शिंपडत बसला होता, ते म्हणजे मामा. आणि कुठून तरी एक कुत्री पळत आली, जेमतेम वर्षाची, शेंगांच्या टरफलासारख्या रंगाची, म्हणूनच पुढं शेंगी, आणि थेट त्यांच्या मांडीखाली शिरली. इतक्या माणसांत आपल्याला निवारा हाच, हे तिनं ओळखलं असावं. मामांनी वाकून पाहिलं आणि मायेनं विचारलं, "कोन व तू बाई?" त्या मायेच्या आवाजानं कुत्री जागच्या जागी मुतली.

तिचं कोणीच नव्हतं. बाजार उठला तरी ती हलेना, तेव्हा मामांनी तिला वांग्यांच्या रिकाम्या कॅरेटात बसवून उंद्रीला आणलं. "चार दिवस ठेवू, मंग कोनाले तरी देऊन देऊ," असं मामींना सांगितलं. शेंगीचा स्वभाव इतका गरीब की मांजरीनं फिस्कारलं तरी ही ताट सोडून बाजूला व्हायची. भुंकणं तिला माहीतच नव्हतं. मामा तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करायचे, तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढत तासन्‌तास बसायचे, आणि एखादा शब्द बोलले की ती थरथरत कोपऱ्यात. मग मामांनी घरात खुणांनी बोलायला सुरुवात केली. चहासाठी अंगठा, जेवणासाठी पाच बोटं. मामी मला म्हणाल्या, "लगन झाल्यापासून एवढी शांती मी पाह्यली नवती. कुत्री राहू द्या म्हना."

पण ते टिकलं नाही. एका सकाळी शेंगी रस्त्याच्या मधोमध उभी आणि समोरून भरधाव जीप. मामा ओरडले. ओरडले नसते तर ती वाचली नसती. ती उडी मारून बाजूला झाली, आणि जीपपेक्षा त्या आवाजालाच भिऊन तुरीच्या वावरात शिरली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिसली नाही. शेवटी मामांना एका ओळीत तिची शेपटी दिसली. त्यांनी हाक मारली नाही. तळहातावर भाकरी ठेवून बांधावर बसून राहिले, ती सरपटत बाहेर येईपर्यंत.

त्याच रात्री त्यांचा फोन आला. त्यांचा फोन मी हातभर लांब धरतो, पण त्या दिवशी आवाज कसा तरी पडलेला होता. "जावईबापू, हिले चांगलं घर पाह्यनं हाय. माह्यावालं नाई चालत. मले समजतच नाई मी कवा वरडतो."

घर शांत हवं, ही एकच अट. पण घर शांत आहे की नाही, हे मामांना कळणार कसं? म्हणून मी. मी राहतो त्या चिखलीहून सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन जायचं, मामांना मागं बसवायचं, आणि लोकांच्या घरी जाऊन ऐकायचं. "तुमी फक्त आइका. पाहाचं काम माह्याकडं." पहिलं घर एका कापड दुकानदाराचं होतं. शेंगीला मामींपाशी ठेवून आम्ही दोघंच गेलो. घर नीटनेटकं, अंगण मोठं, आवाज कसला नाही. मामा माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "घर बेस हाय, पन बाई कजाग दिसते." आतून चहा येत होता, तो आलाच नाही.

दुसरं घर एका मास्तरांचं. ते दोघांनाही पसंत पडलं, म्हणून पुढच्या रविवारी शेंगीला कॅरेटात घालून नेलं. ती समोर असली की मामा तोंड उघडत नसत, त्यामुळे बोलणी मीच केली. सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं, शेंगी उसळून मामांच्या धोतराला बिलगली, आणि मास्तर खो खो हसले. मामांना ताट ऐकू आलं नव्हतं, पण हसणारं तोंड दिसलं. ते उठले, कॅरेट उचललं आणि चालू लागले.

परतताना मिरचीची रोपं घ्यायला आम्ही रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेत थांबलो. तिथं एक पन्नाशीच्या बाई पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. त्यांनी शेंगीकडे पाहिलं, पण चुचकारलं नाही, बोलावलं नाही, हातातलं काम चालू ठेवलं. शेंगी आपणहून कॅरेटातून उतरली. मातीचा ढीग हुंगला, बाईंचं कोपर हुंगलं, आणि त्यांच्या शेजारी ओल्या मातीत अंग टाकून झोपून गेली. दिवसाउजेडी उताणी झोपलेली ती आम्ही पहिल्यांदाच पाहिली. मामांनी मला कोपरानं ढोसलं. मी विचारलं, "ताई, घरात आवाज कितपत असतो?"

त्यांनी भरलेली पिशवी ओळीत ठेवली. "आमचे मालक दिवसातून चार शब्द बोलतात. त्यातले दोन रोपांसंगं."

"ही ठेवाल का?"

"तिले राहाचं असन तर राहू द्या."

मामांनी तिच्या अंगावरून हात फिरवला नाही. ती जागी झाली असती. रिकामं कॅरेट मांडीवर घेऊन ते माझ्या मागं बसले आणि उंद्री येईपर्यंत एकदाही 'हळू चालवा' म्हणाले नाहीत.

याला आता वर्ष होत आलं. मध्ये माझं त्या बाजूला जाणं झालं. शेंगी अंगानं भरली आहे, आणि आता अनोळखी माणसावर थोडं भुंकतेही. बाईंनी पाणी दिलं आणि संकोचत म्हणाल्या, "एक इचारू का? तुमचे मामा दर पंधरवड्याले येतात. तिथं जाळीच्या सावलीत बसतात, शेंगी त्याईच्या पायावर डोकं ठेवून झोपते. चहा देला की ते हात जोडतात अन् जातात. लय देवमानूस. जन्मापासून मुके हाय का ते?"

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं.

"नाही," मी म्हणालो, "फक्त इथं आले की बोलत नाहीत."