कडावचं ‘कांताबा’

भजनाच्या वेळी दारात चपलांचा ढीग व्हावा, तसे किस्से साठत जातात. कुठली चप्पल कुणाची, हे मग सांगता येत नाही. पुढचे किस्से घडले तसेच मला आठवतात. निदान तसं वाटतं. डॉक्टरेट घेऊनही मला कशाचीच खात्री नसते, हे आधीच सांगून ठेवतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चौक गावाजवळच्या एका कारखान्यात एक स्पॅनिश मशीन होतं. ते बनवणाऱ्या कंपनीने सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी एका माणसाला स्पेनला बोलावलं. कडावच्या दत्तू घरत या फिटरने लगेच हात वर केला. अट एकच होती. तिकडचा इंजिनिअर येऊन स्पॅनिशची तोंडी परीक्षा घेणार. दत्तू नापास झाला, तर जागा मुंबईच्या सुपरवायझरला!

स्पॅनिश शिकवा म्हणून दत्तू माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, सात वरसं मी त्या मशिनीच्या पोटात हात घालतोय. एकदा तिचं माहेर तरी बघू द्या!"

मग काय, नाही कसं म्हणणार?

* * *

कर्जतात स्पॅनिश येणारा मी एकटाच. माझा प्रबंध जुन्या स्पॅनिश काव्यावर. जिवंत स्पॅनिश माणूस मात्र मी तोवर पाहिलाच नव्हता! हे मी कारखान्याच्या मॅनेजर साठेसाहेबांना सांगितलं नाही. दर रविवारी वर्ग घ्यायला एसटीने चौकला जाताना मला घाम फुटायचा.

त्या भीतीपोटी प्रत्येक वाक्यानंतर मी म्हणायचो, "असं मला वाटतं, पण कुणाकडून तरी खात्री करून घ्या."

शेवटी दत्तू वैतागला. "कुणाकडून करू सर? हितं तुमीच एक हायात!"

* * *

पहिलं क्रियापद घेतलं ‘कांतार’, म्हणजे गाणे. सोबत म्हणून दत्तूच्या भजनी मंडळातले पाच जणही वर्गात बसायचे, म्हटलं यांना ते जवळचं वाटेल. काळ घेतला रीती भूतकाळ. फळ्यावर लिहिलं: कांताबा, मी गायचो. कांताबास, तू गायचास. कांताबा, तो गायचा. कांताबामोस, आम्ही गायचो. कांताबाइस, तुम्ही गायचात. कांताबान, ते गायचे.

समजावलं, "पूर्वी नेहमी घडायची, पण शेवटची कधी घडली ते सांगता येत नाही, अशा गोष्टीसाठी हा काळ."

मागून आवाज आला, "म्हंजे आमच्या कडावची लाइट!"

इतकं चपखल उदाहरण माझ्या प्रबंधातही नव्हतं.

* * *

मी म्हणायचो, मागून सगळे म्हणायचे. तिसऱ्या रविवारी त्याला आपोआप चाल लागली. चौथ्या रविवारी कुणीतरी टाळ आणले!

त्या दिवशी साठेसाहेब वर्ग तपासायला आले. आत "कांताबामोऽऽस" रंगात आलेलं. साहेबांनी दाराबाहेर बूट काढले, डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले आणि मागे मांडी घालून बसले. आम्ही थांबल्यावर हळूच म्हणाले, "प्रसाद काय आहे?"

* * *

दत्तू घरी पाठांतर करायचा, ते त्याच्या बायकोने, पारूने उचललं. भाताच्या लावणीला सहा बायका ओळीत वाकल्या, की एकेकीच्या वाट्याला एकेक रूप!

एकदा मी बांधावर गेलो, तर भांडण जुंपलेलं. पहिली आणि तिसरी, दोघींच्या वाट्याला ‘कांताबा’च.

"माजा शब्द का चोरतेस गं?"

"तुझा? सरांनीच दिलाय मला!"

पारू हातातली भाताची रोपं उगारून म्हणाली, "सर, एकीला दुसरा द्या. आवन वाळतंय!"

स्पॅनिशमध्ये ही दोन्ही रूपं सारखीच असतात, हे मी सांगितलं. असं मला वाटतं, हेही सांगितलं. तेवढ्याने भांडण आणखी वाढलं.

* * *

परीक्षेचा दिवस उजाडला. समोर स्पॅनिश इंजिनिअर, शेजारी साठेसाहेब, मध्ये स्टुलावर दत्तू. मला मागच्या बाकावर बसवलं होतं. तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद!

इंजिनिअरने सावकाश विचारलं, "लहानपणी तुम्ही काय करायचात?"

नेमका आपलाच प्रश्न! उत्तर ‘कांताबा’. दत्तू वळून माझ्याकडे बघायला लागला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. दत्तू भजनात मागे साथ करणारा. बुवांनी ओळ टाकायची, त्याने ती उचलायची. वीस वर्षांत त्याने स्वतःहून सुरुवात अशी कधी केलीच नव्हती. आणि मीही त्याला तसंच शिकवलं होतं! माझे ओठ आपोआप हलू लागले, पण आवाज काढायची सोय नाही.

इंजिनिअरला त्याची दया आली. तो स्वतःच म्हणाला, "मी लहानपणी गायचो. कांताबा."

ओळ मिळाली! दत्तूने मान डोलावून उचलली, "कांताबाऽऽ!"

इंजिनिअर चमकला. "माझी आई गायची. कांताबा."

"कांताबाऽऽ," दत्तू डोळे मिटून, हळवा होऊन.

"आम्ही सगळे गायचो! कांताबामोस!"

"कांताबामोऽऽस!" दत्तूने टेबलावर ताल धरला.

मग तो इंजिनिअर थांबेचना. गाव, नदी, आजोबा, गाढव... मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. दत्तू मात्र प्रत्येक वाक्याचा शेवट उचलत होता. अर्ध्या तासाने इंजिनिअरने डोळे पुसले आणि दत्तूला मिठी मारली.

"पास!" तो साठेसाहेबांना इंग्रजीत म्हणाला. "या देशात आल्यापासून माझ्याशी मनापासून स्पॅनिश बोलणारा हा पहिलाच माणूस! याला पाठवा." मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "पण ते मागचे वयस्कर गृहस्थ बिचारे नुसते ओठ हलवत होते. फार कच्चे दिसतात. याच्या हाताखाली त्यांची तयारी करून घ्या."

साठेसाहेबांनी दत्तूला ते मराठीत सांगितलं. दत्तूने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"या की सर रविवारी," तो म्हणाला. "पण टाळ तुमचे तुमी आणा."