मेंढरांच्या चालीची गाडी

दिवाळी झाली की वर्षातून एक सकाळ अशी यायची, की म्हाळू मदने दुकान लवकर उघडायचा आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. त्या सकाळी त्याचा थोरला भाऊ बिरदेव घोडीवर बिऱ्हाड लादायचा आणि घरची चार माणसं, दोनशे मेंढरं घेऊन वरवंडहून कोकणाच्या वाटेला लागायचा. भोरवरून वरंधा घाट ओलांडायचा, खाली भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आधी परत यायचं. आजा असाच गेला, बाप असाच गेला. म्हाळू तेवढा कधी गेला नाही. दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला आणि डावा पाय नुसता नावाला उरला. निघताना सगळे त्याला एकच सांगायचे, "तू घर राख." चाळीसेक वर्षं त्याने घर राखलं. एवढ्या वर्षांत एकदाही चोरी झाली नाही, याचं श्रेय तो स्वतःकडे घ्यायचा. चोरण्यासारखं घरात काही नव्हतं, हे तो सांगायचा नाही.

बसल्या जागेचं काम म्हणून तो मोटर वाइंडिंग शिकला. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. कालव्याच्या पाण्यावर सगळीकडे ऊस, उसात विहिरी, विहिरींवर मोटरी, आणि लाईट अशी की मोटर जळायचीच. त्यामुळे म्हाळू गावात सगळ्यांना लागायचा. पण दिवाळीनंतरच्या त्या सकाळी, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता, आपण कुणालाच लागत नाही असं त्याला वाटायचं.

दोन हजार तीन साली एक गोरा पाहुणा सोलापूरकडे जाताना त्याच्या दुकानासमोर थांबला. त्याची सायकल तीन चाकांची होती आणि तो तिच्यावर चक्क पाठ टेकून, पाय पुढे पसरून बसला होता. एक दांडी वाकली होती. म्हाळूने ती ठोकून सरळ केली आणि 'ट्रायल' म्हणून स्वतःच तिच्यावर आडवा झाला. निर्जीव पाय पाहुण्याच्या पट्ट्याने पेडलला बांधला. उजवा पाय रेटायचा आणि डावा फुकटात फिरायचा. तोल सांभाळायची भानगड नाही, पडायची भीती नाही. एसटी स्टँडला दोन चकरा मारून तो परत आला, तेव्हा पाहुणा रस्त्यात उभा होता. आपली सायकल गेली असंच त्याला वाटलं असणार.

पुढच्या उन्हाळ्यात बिरदेवने घरात सांगून टाकलं की मेंढरं आता झेपत नाहीत. माळ राहिले नाहीत, प्लॉट पडले, गुडघे गेले. येत्या दिवाळीला शेवटचं कोकण करायचं, आणि आल्यावर मेंढरांचं सगळं खांड विकायचं.

म्हाळूला त्या रात्री भाकरी गेली नाही. सकाळी त्याने भावाला गाठलं आणि या खेपेला मी पण येणार म्हणून सांगितलं. बिरदेव हसला नाही, हे त्याचे उपकारच.

"ये की. पर मेंढरं कुणासाठी थांबत न्हाईत," तो म्हणाला. "घाटाखाली अडकलास तर तिथनंच माघारी. मी तुला खांद्यावर न्यायचो न्हाई."

म्हाळू म्हणाला, मान्य. मान्य करायला त्याचं काय जात होतं, गाडी अजून डोक्यातच होती.

ग्रिलवाल्याकडच्या चौकोनी पाइपाचा सांगाडा झाला. पुढे लहान सायकलींची दोन चाकं, मागे जुन्या मोपेडचं एक. बैठक खाटेच्या नवारीची विणली. पेडल पार पुढे असल्यामुळे तीन सायकलींच्या चेन जोडून एक चेन केली, ती दर फर्लांगाला उतरायची. मोटर म्हणून एका जुन्या जीपचा डायनामो त्याने नव्याने गुंडाळला आणि ट्रॅक्टरच्या काढून टाकलेल्या दोन बॅटऱ्यांवर फिरवला. फिरला तेव्हा तो पोरासारखा टाळ्या वाजवत सुटला. चालू-बंद करायला पाण्याच्या मोटरचा स्टार्टर बसवला, कारण हाताशी तोच होता. हिरवं बटण दाबलं की गाडी सुसाट, लाल दाबलं की जागेवर. मधलं काही नाही. गावातल्या लोकांनी गाडीला तिरडी म्हणायला सुरुवात केली, तर म्हाळूनेच त्यांना दुरुस्त केलं, की तिरडीला चार माणसं लागतात, ही एकट्याला जमते. बायको पुतळाबाई मात्र त्याच्याकडे बघून एकदाच म्हणाली, जाताय तर परत या.

वरवंडला चढ कुठला आणायचा? कालव्याचा भराव तेवढा उंच. म्हाळू त्यावर तीनदा चढला आणि वरंधा जिंकल्यासारखा चहा प्यायला गेला.

मग त्याने नियोजन केलं, आणि खरी चूक तिथेच झाली. बिरदेवकडून त्याने मुक्कामांची यादी उतरवून घेतली. प्रत्येक मुक्कामापुढे तो एकच विचारायचा, विहीर हाय का? बिरदेव म्हणायचा, हाय. म्हाळू खूण करायचा. त्याच्या सगळ्या आयुष्यात विहीर म्हटली की मोटर, मोटर म्हटली की वीज. वायर नसलेली विहीरही असते, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. बॅटरी रोज भरता येणार म्हणून तो निर्धास्त झाला.

दिवाळीनंतर तो निघाला, आणि पहिल्याच दिवशी मेंढरांनी त्याची जिरवली. मेंढरं चालतात कसली, रेंगाळतात. म्हाळूने हिरवं बटण दाबलं की गाडी खांडात घुसायची, मेंढरं दाही दिशांना उधळायची, बिरदेव शिव्या घालायचा. लाल दाबलं की मागची मेंढरं त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे जायची. दुसऱ्या दिवशी त्याने शेगडीची कॉइल मध्ये जोडली, तेव्हा गाडी मेंढरांच्या चालीला आली. वीज अर्धी चाकात आणि अर्धी कॉइल तापवण्यात जायला लागली. वहिनी धुरपदा त्या कॉइलवर चहा ठेवायला शिकली. आपण कोकणाला निघालोय की चालती टपरी टाकलीय, असा त्याला प्रश्न पडला. पण तो खूश होता. भोरपर्यंत विहिरींवर मोटरी होत्या. एखादी दुरुस्त करून दिली की मालक आपण होऊन वायर काढून द्यायचा.

भोर मागे पडलं आणि रस्ता चढायला लागला. त्या संध्याकाळचा मुक्काम यादीत होता, पुढे खूणही होती. विहीरही होती. दगडी, जुनी, पायऱ्यांची, आणि तिच्यावर एक बाई दोरीने कळशी ओढत होती. म्हाळूने खांब शोधला. मग वायर शोधली. मग विहिरीला वळसा घालून पलीकडून बघितलं, जणू मोटर लाजून लपली असावी. दुसऱ्या मुक्कामाला तर विहीर म्हणजे नुसता झरा निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, घाटमाथा समोर दिसत असताना, हिरवं बटण दाबलं आणि काही झालं नाही. त्याने उजव्या पायाने रेटलं, गाडी हातभर गेली आणि मागे आली. पुन्हा रेटलं, तर चेन उतरली. मेंढरं दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. शेवटचं मेंढरू गेलं तेव्हा तो आडवा पडून आभाळाकडे बघत होता. कालव्याच्या भरावावरचा आपला चहा त्याला आठवला आणि त्याला स्वतःचं हसू आलं, पण ते पुरलं नाही. त्याला रडू आलं.

मेंढरं बाकीच्यांवर सोपवून बिरदेव माघारी आला आणि गाडीच्या कडेला काठी टेकून उभा राहिला.

"ठरलं होतं तसं कर," म्हाळूच म्हणाला. "मी जातो माघारी. घर राखायची सवय हाय मला."

बिरदेवने तोंड फिरवलं. ठरल्याला जागणारा माणूस, त्याला काय करावं ते कळेना. तेवढ्यात मागून घोडी घेऊन धुरपदा आली. तिने दोघांकडे बघितलं आणि घोडीवरचं बिऱ्हाड सोडायला लागली.

"घोडीबी दमलीया," ती म्हणाली. "वझं गाडीत टाका आन् घोडी गाडीला लावा. चाकावर वझं हलकं जातंय."

पाल, भांडी, पिठाची पिशवी सगळं गाडीवर लादलं. उरली ती घोडीवरच्या झोळीतली चार कोकरं, वाटेत जन्मलेली, अजून चालता न येणारी. त्यांना ठेवायला जागाच नव्हती, म्हणून वहिनीने ती म्हाळूच्या पोटावर ठेवली. दोर आवळला, घोडी पुढे, बिरदेव मागून रेटायला, आणि विजेची गाडी घोड्यावर निघाली. घाटासाठी बसवलेली मोटर घाटातच नुसतं ओझं ठरली, हे म्हाळूने मनातल्या मनात मान्य करून टाकलं. तो एका पायाने जमेल तेवढं रेटत राहिला. एक कोकरू त्याच्या शर्टावर मुतलं.

दोन वळणं चढल्यावर पुढे रेंगाळणारं खांड गाठलं. कोकरांचा आवाज ऐकला तशा त्यांच्या चार आया ओरडत मागे फिरल्या आणि गाडीला चिकटून चालायला लागल्या. त्यांच्यामागे बाकीची वळली. गाडी पुढे झाली, तर सगळं खांड तिच्यामागे. बिरदेव ओरडला नाही, काठी उगारली नाही, तरी दोनशे मेंढरं एका रांगेत घाट चढत होती. एका मेंढीचं नाक म्हाळूच्या कानापाशी होतं आणि ती सबंध चढभर त्याच्या कानात तक्रार करत होती. माथ्यावर पोचल्यावर घोडी सोडली. उताराला डायनामो बॅटरी भरील असं त्याने गावात छातीठोकपणे सांगितलं होतं. मेंढरांच्या चालीने ब्रेक दाबत उतरताना कणभरही भरली नाही. पण खाली कोकण दिसत होतं, आणि आज तो त्यात उतरत होता.

घाट उतरल्यावर तिसऱ्या दिवशी ते खाचरवाल्याकडे पोचले. मेंढरं शेतात बसवायची आणि मालकाने माणसांचं जेवण बघायचं, ही जुनी रीत. मालकाने दरवर्षीसारखं विचारलं, माणसं किती?

"पाच," बिरदेव सवयीने म्हणाला. मग तो थांबला. गाडीवर पाठ टेकून, शर्टावरचे डाग पुसत पडलेल्या भावाकडे त्याने बघितलं.

"न्हाई, सहा," तो म्हणाला. "आन् त्यातल्या एकाला लाईटबी लागंल."